रोज एक घरचा फोटो काढताय? या चुका टाळा

नात झाली त्या दिवसापासून मी रोज घरातला एक फोटो काढते. नात आता नऊ वर्षांची आहे, तिच्या पाठचा नातू पाच वर्षांचा. या काळात कितीतरी मैत्रिणींनी, दोन्ही विहिणींनी, शेजारच्या आजींनी "मलाही शिकव" म्हणून लकडा लावला. सुरुवात सगळ्याच जोरात करतात आणि दीड-दोन महिन्यांत थांबतात. थांबण्याची कारणं इतकी सारखी असतात की तेच तेच सांगून माझा घसा दुखायला लागला. म्हणून एकदाचं लिहूनच काढते.

आधी दोन गोष्टी झटपट. "कॅमेरा कोणता घेऊ" हा पहिला प्रश्न नसावा. हातातल्या फोनवर तीन महिने रोज फोटो काढा, मग विचारा. आणि "आता या वयात कुठे" हे तर मला ऐकवतच नाही. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना १८६३ साली मुलीने आणि जावयाने कॅमेरा भेट दिला, तेव्हा त्या ४८ वर्षांच्या होत्या. त्यांनी कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ केला आणि घरातली माणसं, भाचरं, कामाला असलेल्या मुली यांनाच समोर बसवलं. आज छायाचित्रणाच्या इतिहासात त्यांचं नाव आदराने घेतात.

"इकडे बघ, हस!"

ही माझ्या मते सगळ्यांत मोठी चूक, आणि ती मी स्वतः वर्षानुवर्षं केली आहे.

नात चार वर्षांची असतानाची गोष्ट. दुपारची वेळ, हे खिडकीशी बसून शर्टाचं बटण लावत होते. डोळ्यांनी साथ सोडलेली, त्यामुळे सुईत दोरा काही जाईना. नातीने सुई आपल्या हातात घेतली आणि नेढं उजेडाकडे धरलं. तिची जीभ दातांत, ह्यांनी दोऱ्याचं टोक ओलं करून पुढे आणलेलं, दोघांचाही श्वास अडकलेला. खिडकीचा उजेड नेमका त्या चार बोटांवर पडला होता. मी फोन उचलला आणि सवयीने म्हणाले, "अहो, इकडे बघा जरा. तूही बघ गं बाळा."

दोघांनी बघितलं, दोघं छान हसले. सुई खाली गेली, दोरा मांडीवर पडला. तो फोटो माझ्याकडे आहे. दोन हसरे चेहरे आहेत, सुई कुठेच नाही. त्याच खिडकीशी, तसेच हसणारे त्या दोघांचे पन्नासेक फोटो माझ्याकडे आधीच होते. पुढच्या वर्षी नातीला एकटीला दोरा ओवता यायला लागला. ते दोघांनी मिळून श्वास रोखणं मला पुन्हा कधीच दिसलं नाही.

त्या दिवसापासून फोटो काढताना मी तोंड उघडत नाही. माझी सवय सांगते. जिथे काही चाललंय तिथे जाऊन बसायचं, फोन हातात ठेवायचा आणि निदान पंधरा मिनिटं काहीच करायचं नाही. पहिली पाच मिनिटं मुलं तुमच्याकडे बघतात, तोंडं करतात. मग विसरतात. खरा फोटो त्यानंतरच मिळतो. क्लिकचा आवाज बंद करून ठेवा. बहुतेक फोनमध्ये आवाज कमी-जास्त करायच्या बटणानेही फोटो निघतो, त्यामुळे पडद्यावर बोट शोधत बसावं लागत नाही आणि हातही कमी हलतो.

पंधरा मिनिटं बसायला वेळ नाही म्हणणाऱ्या मला भेटतात. त्यांना मी स्पष्ट सांगते, मग हा नाद करू नका. तीस सेकंदांत काढलेल्या फोटोत तीस सेकंदांपुरतंच घर येतं.

कॅमेऱ्याकडे बघायला लावणं मुळातच चूक आहे असं मात्र मी म्हणणार नाही. निकोलस निक्सन या अमेरिकन छायाचित्रकाराने १९७५पासून आपली बायको आणि तिच्या तीन बहिणी यांचा दरवर्षी एक फोटो प्रसिद्ध केला. चौघी दर वेळी त्याच क्रमाने उभ्या, नजरा बहुतेक थेट आपल्याकडे. पण तिथे कुणाला हसायला भाग पाडलेलं दिसत नाही, आणि चाळीसहून अधिक वर्षांचे चेहरे ओळीने बघताना पोटात कालवतं. मीही दोन्ही मुलांच्या वाढदिवशी त्याच दाराच्या चौकटीत तसा एकेक फोटो काढते. तो ठरवून काढलेला असतो. रोजच्या फोटोत ते घुसडायचं नाही.

उभ्याने काढलेले फोटो

मुलांचे फोटो आपण आपल्या उंचीवरून काढतो आणि मग त्यात नुसती डोकी दिसतात. खाली बसा. माझे गुडघे आता ऐकत नाहीत, म्हणून एक बुटकं स्टूल मी घरभर घेऊन फिरते. फोन मुलाच्या डोळ्यांच्या रेषेत आला की त्याचं जग दिसायला लागतं: टेबलाची खालची बाजू, मोठ्या माणसांचे पाय, दाराची कडी.

फ्लॅश

बंद करा आणि बंदच ठेवा. फोनचा फ्लॅश फार तर दोन-तीन मीटर पोचतो. समोरचा चेहरा पांढराफटक पडतो आणि मागची खोली काळोखात जाते. त्यापेक्षा माणसाला खिडकीजवळ येऊ द्या, आणि उजेड त्याच्या एका बाजूने पडेल असं तुम्ही सरका. खिडकीपासून दोन पावलं मागे गेलं तरी उजेड झपाट्याने कमी होतो, तेव्हा जवळ म्हणजे अगदी जवळ. दिवसा खोलीतला दिवा घालवा, नाहीतर चेहऱ्याचा एक गाल निळसर आणि दुसरा पिवळा येतो. रात्री मी टेबलावरचा एकच दिवा लावते, फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवते आणि तीन सेकंदांचा टायमर लावते. फक्त समोरचं माणूस स्थिर हवं: वाचणारं, झोपलेलं, विचारात गढलेलं.

पळणाऱ्या मुलाचा फोटो घरातल्या उजेडात हललेला येतो, कारण त्याला कॅमेऱ्याचं शटर साधारण एक छेद अडीचशे सेकंदच उघडं राहील इतका वेग लागतो आणि तेवढा उजेड घरात क्वचितच असतो. मुलं पळता पळता थांबतात, वळतात, उडीच्या टोकाला क्षणभर लटकतात. तो क्षण ओळखायला शिका.

लेन्स पुसा. रोज. चष्म्याच्या फडक्यानेच. "फोटो धुरकट येतात, फोन खराब झाला" म्हणून आलेल्या दहातल्या आठ जणींच्या लेन्सवर बोटाचा तेलकट ठसा असतो.

बोटांनी ताणून झूम करू नका, दोन पावलं पुढे जा. मात्र चेहऱ्याच्या अगदी जवळही नको. फोनची मुख्य लेन्स रुंद असते, तिने जवळून काढलं की नाक फुगतं. फोनला दुप्पट झूमची वेगळी लेन्स असेल तर चेहऱ्यासाठी ती वापरा.

धूसर पार्श्वभूमीचं वेड, आणि आवराआवर

थोडं जमायला लागलं की प्रत्येकीला मागचं सगळं धूसर हवं असतं. मोठा कॅमेरा आणि ५० मिलिमीटरची लेन्स घेतलेली माझी एक मैत्रीण एफ १.८ (लेन्सचं तोंड किती उघडं ते सांगणारा आकडा; तो जितका लहान तितकं तोंड मोठं आणि मागचं जास्त धूसर) सोडायलाच तयार नव्हती. फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर एक मीटर अंतरावरून या आकड्याला जेमतेम चार सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. मुलाचा डोळा धारदार, आणि ते हाताने जे करतंय ते गायब! तेच एफ ५.६ला तेरा सेंटिमीटर मिळतात, म्हणजे चेहरा आणि हात दोन्ही धरता येतात. मागचं आपोआप धूसर करणाऱ्या फोनच्या पोर्ट्रेट मोडचं तर विचारूच नका. चष्म्याची काडी आणि कानामागचे केस तो खाऊन टाकतो.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. घरच्या फोटोत मागची खोली हाच अर्धा ऐवज असतो. दोरीवर वाळत घातलेले मोजे, भिंतीवर रेघोट्यांनी मोजलेली उंची, उघडं राहिलेलं दप्तर, तेव्हाचा टीव्ही. म्हणून फोटोआधी आवरूही नका. माझी सून सुरुवातीला धावत येऊन सोफ्यावरचा पसारा उचलायची. आता सहा-सात वर्षांपूर्वीचे फोटो बघताना तीच आधी पसारा न्याहाळते: "अय्या, ही लाल गाडी! हिच्याशिवाय झोपायची नाही ना ही?" सोफा कुणाच्याच लक्षात नाही.

"सगळं क्लाउडवर आहे"

ही दुसरी चूक, आणि हिच्यापायी मी रडले आहे.

नातू वर्षाचा व्हायला आला होता. फोन भरला, जागा नाही असं सारखं दाखवायला लागला. फोटो आपोआप क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्यात, जातात असं मुलाने सांगून ठेवलेलं होतं आणि मीही ते डोळ्यांनी बघितलं होतं. मग एका दुपारी निवांत बसून फोनमधले जुने फोटो उडवले. तरी जागा होईना, म्हणून ट्रॅशही रिकामा केला. संध्याकाळी नातीला काहीतरी दाखवायला क्लाउड उघडलं. अकरा महिने कोरे. नातवाचं पालथं पडणं, पहिला दात, धरून उभं राहणं, सगळं गेलं. फोन आणि क्लाउड एकमेकांना जोडलेले होते. इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं, हे मला माहीत नव्हतं. ट्रॅशला हात लावला नसता तर महिनाभर तरी ते परत आणता आले असते.

कुटुंबाच्या ग्रुपवर मी टाकलेले फोटो शोधून काढले. दोनशेच्या आसपास मिळाले, पण आकाराने बारीक झालेले आणि काढल्याची तारीख पुसली गेलेली. चॅटवर पाठवलेल्या फोटोचं असंच होतं. मूळ फोटो जसाच्या तसा पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा लागतो. मग ते दोनशे लावले कसे? रोज रात्री फोटो निवडला की मी एका वहीत एक ओळ लिहायचे: तारीख, कोण, काय चाललं होतं. "नातू पालथा पडला, हे वर्तमानपत्र टाकून धावले." त्या वहीवरून आठ दिवस खपून एकेक फोटो तारखेला बसवला. जे मिळालेच नाहीत त्यांची निदान ओळ राहिली.

छायाचित्रकारांमध्ये एक जुना नियम आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. मी दर महिन्याच्या १ तारखेला दोन हार्ड डिस्कवर कॉपी करते. एक माझ्या कपाटात असते, दुसरी लेकीकडे, आणि ती आली की अदलाबदल होते. क्लाउड चालू ठेवलंय, पण त्याच्या जिवावर काही पुसत नाही. शिवाय महिन्याला चार फोटो कागदावर छापून घेते, मागे मऊ शिसपेन्सिलीने नावं घालून. बॉलपेनने लिहू नका, पुढच्या बाजूला वळ उमटतात.

वहीचं मात्र कुणी ऐकत नाही. "फोटोवर तारीख असतेच की!" असते, पण चुकीचीही असते. कॅमेऱ्याची बॅटरी पार उतरली की घड्याळ कधी कधी मूळपदावर जातं. आणि फोटोतलं माणूस कोण हे कुठलंही घड्याळ सांगत नाही. माझ्या आईच्या ट्रंकेत सतरा फोटो असे आहेत की त्यातल्या एकाही बाईचं नाव सांगणारं आता कुणी उरलेलं नाही.

दिवसाला चाळीस, आणि हुकलेले दिवस

चाळीस फोटो काढून ठेवायचे, निवड नंतर करू म्हणायचं. ती नंतर कधी येत नाही. रात्री झोपण्याआधी एकच निवडा. न्यूयॉर्कच्या जेमी लिव्हिंग्स्टनने ३१ मार्च १९७९पासून २५ ऑक्टोबर १९९७ला जाईपर्यंत रोज एक पोलरॉइड, म्हणजे काढल्या काढल्या कॅमेऱ्यातूनच छापून निघणारा फोटो, काढला. सहा हजारांवर फोटो, आणि त्यातले कितीतरी अगदी साधे आहेत. रोजचा दिवस तसाच तर असतो. "आज काही घडलंच नाही" म्हणून सोडून देणाऱ्यांनी ते बघावेत.

दिवस हुकला तर हुकला. दुसऱ्या दिवशी दोन काढून एकावर कालची तारीख घालू नका. ह्यांच्या ऑपरेशनचे सहा दिवस माझ्या वहीत नुसत्या तारखा आहेत. तसंच ठेवलंय.

मुलांना विचारणं हेही सांगायलाच हवं. आंघोळीचे, रडण्याचे, आजारपणाचे फोटो मी कुणालाच पाठवत नाही. नात सात वर्षांची झाल्यापासून "हा नको" म्हणाली की तो तिच्यासमोर पुसते आणि त्या दिवसाचा दुसरा घेते. त्यामुळेच ती अजून मला जवळ बसू देते.

आणि शेवटची चूक जवळजवळ प्रत्येक आजी करते: स्वतः एकाही फोटोत नसते. पहिल्या तीन वर्षांत माझे पाच फोटो होते, तेही लग्नकार्यातले. आता रविवारी फोन नातीकडे असतो. काय काढायचं ते तिने ठरवायचं, मी काही सुचवत नाही. तिच्या उंचीवरून बहुतेक वेळा माझे हात येतात, चष्म्याची दोरी आणि अर्धी हनुवटी. ते फोटो मी कापत नाही, सरळही करत नाही. वहीत त्या दिवशीची ओळही नातच लिहिते.