हाय-स्ट्रेंग्थ पोलादाची संथ आणि झटक्याची चाचणी : नव्याने कामाला लागणाऱ्यांसाठी

क्रॅश सिम्युलेशनच्या, म्हणजे संगणकावर गाडीची टक्कर तपासायच्या कामात नवी मुलं एक चूक हमखास करतात. पुस्तकातले काउपर-सिमंड्सच्या सूत्राचे (वेगानं ताकद किती वाढते ते सांगणारं सूत्र) ४०.४ आणि ५ हे स्थिरांक उचलायचे आणि डीपी९८० (मऊ फेराइटमध्ये कडक मार्टेन्साइट असलेलं, सुमारे ९८० मेगापास्कल ताकदीचं पोलाद) पत्र्याच्या मटेरियल कार्डात, म्हणजे सॉफ्टवेअरला द्यायच्या गुणधर्मांच्या नोंदीत भरायचे. ते आकडे मऊ पोलादाचे आहेत. स्ट्रेन रेट (मूळ लांबीच्या प्रमाणात लांबी वाढण्याचा वेग) सेकंदाला १०० धरला, तर या सूत्रानं ताकद संथ चाचणीच्या २.२ पट होते. प्रत्यक्षात डीपी९८०ची वाढ साधारण दहा-वीस टक्क्यांच्या आतच राहते. म्हणजे स्क्रीनवर गाडी सुरक्षित दिसते, खरा पत्रा मात्र आधीच वाकलेला असतो.

असं का होतं, ते नीट समजून घ्या. डिस्लोकेशन (स्फटिकातला रेषेसारखा दोष, तो सरकला की धातूचा आकार कायमचा बदलतो) सरकताना स्फटिकजाळीचा जो जवळचा अडथळा असतो, तो ओलांडायला अणूंच्या उष्ण कंपनाची मदत होते. झटक्यात त्या मदतीला वेळच मिळत नाही, म्हणून जास्त जोर लावावा लागतो. मार्टेन्साइटमुळे आलेली ताकद बहुतांशी दूरवर पसरणाऱ्या ताणांची असते आणि तिला वेगाचं फारसं सोयरसुतक नसतं. त्यामुळे मेगापास्कलमध्ये वाढ जवळपास सारखीच दिसते. पण मऊ पोलादाच्या २०० मेगापास्कलच्या पायावर ती मोठी ठरते, डीपी९८०च्या ७००च्या पायावर लहान.

संथ चाचणी सोपी आहे. आयएसओ ६८९२-१ या ओढ-चाचणीच्या मानकाप्रमाणे यील्डपर्यंत (आकार कायमचा बदलायला लागतो त्या बिंदूपर्यंत) ०.०००२५ आणि पुढे ०.००६७ प्रति सेकंद हे रेट धरतात. नमुन्याची समांतर लांबी (मधल्या सारख्या रुंदीच्या भागाची) १२० मिमी असेल, तर यूटीएमवर, म्हणजे ओढ-चाचणीच्या यंत्रावर, ओढ मिनिटाला आधी १.८ आणि मग ४८ मिमी. वेगवान चाचणीत हीच लांबी २० मिमी ठेवली आणि ओढ सेकंदाला १० मीटर दिली, तर रेट ५०० होतो. २० टक्के स्ट्रेन ०.४ मिलिसेकंदात संपतो, म्हणून डेटा निदान १ मेगाहर्ट्झनं घ्या.

नमुना शिअरवर (पत्रा कापायच्या कात्रीयंत्रावर) कापू नका. दाबलेली कड कडक होते आणि तिथूनच तडा सुरू होतो. वायरकट करा (ठिणग्या पाडणाऱ्या तारेनं कापा) आणि कडा लांबीच्या दिशेनं पॉलिश करा.

खरी डोकेदुखी लोड सेलची, म्हणजे जोर मोजणाऱ्या भागाची. झटका बसताच तो आणि नमुना पकडणारी ग्रिप थरथरतात, आलेखात लाटा उठतात आणि यील्ड कुठे आहे तेच कळत नाही. फिल्टर लावून लाटा पुसायचा मोह होतो, पण त्यात यील्डसुद्धा पुसला जातो. त्यापेक्षा नमुन्याच्याच रुंद, स्थिर टोकावर स्ट्रेन गेज (स्ट्रेन मोजणारी पातळ पट्टी) चिकटवा. मात्र तो भाग इलास्टिकच, म्हणजे जोर काढताच मूळ आकाराला येणारा राहायला हवा. समांतर भाग १० मिमी रुंद आणि ताकद ११५० मेगापास्कल धरली, तर ३० मिमी रुंद टोकावर ३८३ मेगापास्कल येतात. डीपी९८०च्या यील्डच्या बरेच खाली. गेज दोन्ही बाजूंना लावा, म्हणजे वाकण्याचा परिणाम कटतो. मग तोच नमुना कमी लोडवर संथ ओढून गेजचं कॅलिब्रेशन करा.

स्ट्रेन कॅमेऱ्यानं मोजणार असाल, तर नमुन्यावर जे ठिपके कॅमेरा टिपतो त्यांचा रंग चाचणीच्या दिवशीच मारा. जुना, कडक झालेला रंग झटक्यात सोलून निघतो.

इलाँगेशनची (तुटेपर्यंत लांबी किती टक्के वाढली त्याची) तुलना जपून करा. आखूड नमुन्यात मानेचा, म्हणजे तुटण्याआधी बारीक होणाऱ्या जागेचा वाटा मोठा, म्हणून टक्केवारी आपोआप वाढते. वेगाचा त्यात काही हात नसतो. ज्या मापाचा नमुना झटक्यात तोडता, त्याच मापाचे आणखी तीन नमुने संथ तोडा, आणि मगच वेगाचा परिणाम बोला.

उष्णता विसरू नका. साधारण ९० टक्के काम उष्णतेत जातं आणि झटक्यात ती बाहेर पडत नाही. १००० मेगापास्कलवर १५ टक्के स्ट्रेन झाला, तर पत्रा ३७ अंशांनी तापतो. ट्रिप पोलादात (ज्यातलं ऑस्टेनाइट ओढताना कडक मार्टेन्साइट होतं आणि ताकद वाढवतं) याचा फटका जास्त, कारण तापलेलं ऑस्टेनाइट मार्टेन्साइटमध्ये सहज बदलत नाही आणि हार्डनिंग, म्हणजे ओढताना कडक होणं मंदावतं. त्यामुळे मोठ्या स्ट्रेनला वेगवान चाचणीचा ताण-स्ट्रेन वक्र संथ वक्राच्या खाली उतरू शकतो. एलएस-डायना या क्रॅश सॉफ्टवेअरच्या मॅट २४ या मटेरियल कार्डात असे एकमेकांना छेदणारे वक्र तसेच भरले, तर सॉल्व्हर अडखळतो. छेद टाळण्यासाठी वक्र कुठून आणि किती बदलला, हे कार्डाच्या कॉमेंटमध्ये स्पष्ट लिहा, म्हणजे पुढचा माणूस त्याला चाचणीचा निकाल समजणार नाही.