निरीक्षणगृहात इंटर्नशिप करताय? या चुका टाळा

पावसाळ्याच्या तोंडावर कॉलेजात फील्डवर्कची यादी लागते आणि नाशिकच्या समाजकार्य, मानसशास्त्राच्या काही विद्यार्थ्यांच्या नावापुढे निरीक्षणगृह, बालगृह नाहीतर मुलांचं व्यसनमुक्ती केंद्र येतं. उंटवाडीच्या रस्त्याने निरीक्षणगृहासमोरून रोज जाणाऱ्यांनाही त्या भिंतीआडच्या दिवसाची फारशी कल्पना नसते. त्यामुळे काही विद्यार्थी घाबरत घाबरत आत शिरतात, तर काही मुलांना सुधारायचंच असं ठरवून येतात. विद्यार्थ्यांचं फील्डवर्क पाहताना मला एक गोष्ट पक्की कळली आहे. या मुलांनी मोठ्या माणसांनी दिलेला शब्द मोडलेला पुष्कळदा पाहिलेला असतो. म्हणून तुम्ही किती हुशार आहात यापेक्षा, मंगळवारी येतो म्हणालात तर मंगळवारी आलात का, याकडे त्यांचं लक्ष असतं. खालच्या बहुतेक चुका शेवटी तिथेच येऊन पोहोचतात.

आपण कुठे आलोय हेच माहीत नसणं

निरीक्षणगृहात विधिसंघर्षग्रस्त बालकं असतात, म्हणजे कायदा मोडल्याच्या आरोपावरून ज्यांची चौकशी बाल न्याय मंडळापुढे सुरू आहे अशी. बालगृहात बाल कल्याण समितीने पाठवलेली, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली मुलं असतात: घर सोडून नाशिकरोड किंवा मनमाड स्टेशनवर उतरलेली, घरात छळ झालेली, कुणीच नसलेली. बालगृहातल्या मुलाला ‘तुझी केस काय?’ विचारलंत की त्याच्या मनात बसतं, आपणही काहीतरी गुन्हाच केलाय. 2015 चा बाल न्याय कायदा आरोपी, अटक, जेल असे शब्द मुलांबाबत वापरू नयेत असं सांगतो, आणि मूल निर्दोष आहे हे गृहीत धरूनच पुढे जातो. तुमच्या रिपोर्टची भाषाही तशीच हवी.

परवानगीचे कागद कॉलेज करेल म्हणून हातावर हात ठेवून बसू नका. कॉलेजचं पत्र, ओळखपत्र, जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाची मंजुरी या सगळ्याला वेळ लागतो आणि अधीक्षक कागदाशिवाय आत घेत नाहीत. ते बरोबरच आहे.

पहिल्याच भेटीत ‘तू काय केलंस?’

ही सगळ्यांत जास्त होणारी चूक. त्या मुलाने हीच गोष्ट पोलिसांना, मंडळाला, परिविक्षा अधिकाऱ्याला (प्रोबेशन ऑफिसरला), समुपदेशकाला सांगून झालेली असते. तुमच्यापर्यंत येते ती पाठ झालेली गोष्ट, किंवा तुम्हाला खूश करायला रचलेली. पहिले काही आठवडे कॅरम खेळा, अभ्यासाला बसा, जेवणाच्या रांगेत उभे राहा. माहिती हवी असेल तर अधीक्षकांच्या परवानगीने सामाजिक चौकशी अहवाल आणि वैयक्तिक काळजी आराखडा वाचा. ते कागद त्यासाठीच असतात.

घरच्यांबद्दल घाईने मत बनवणं ही याच चुकीची दुसरी बाजू. ‘आईबाप भेटायलासुद्धा येत नाहीत’ हे वाक्य मी कितीतरी रिपोर्टांमध्ये खोडलं आहे. पेठ-सुरगाण्याहून एसटीने येऊन परत जायचं म्हणजे दिवसाची मजुरी गेली. द्राक्षाच्या हंगामात मजूर कुटुंबं बागेवर असतात, तेव्हा एक खाडासुद्धा परवडत नाही. न येण्याचं कारण विचारून घ्या आणि मग लिहा.

‘मी कुणालाही सांगणार नाही’

हे वचन कधीही देऊ नका. मूल जवळ येऊन म्हणतं, ‘ताई, एक सांगतो, पण कुणाला सांगायचं नाही.’ तुम्ही हो म्हणता आणि ते लैंगिक अत्याचाराबद्दल बोलतं. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या 2012 च्या कायद्यानुसार अशी माहिती कळलेल्या कुणालाही ती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास 6 महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. इंटर्न आहे म्हणून सूट नाही. आता तुम्ही शब्द मोडणार, आणि तोही त्याने सगळ्यांत अवघड गोष्ट सांगितल्यावर.

म्हणून आधीच सांगून ठेवा: ‘तुझं बोलणं मी इकडे तिकडे करणार नाही. पण तुला किंवा दुसऱ्या कुणाला धोका असेल तर मला मोठ्या माणसांची मदत घ्यावी लागेल, आणि घेण्याआधी मी तुला सांगेन.’ हे ऐकून काही मुलं गप्प होतात. होऊ द्या, त्यातली काही नंतर येतात.

आणि सांगितलंच, तर खोदून खोदून विचारू नका. त्याचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह लिहा आणि त्याच दिवशी अधीक्षक आणि कॉलेजच्या सुपरवायझरना कळवा. तक्रार संस्थेतल्याच माणसाबद्दल असेल तर आतल्या आत मिटवायला बसू नका. बाल कल्याण समिती आहे, पोलीस आहेत, मुलांसाठीची 1098 हेल्पलाइन आहे.

फोटो, स्टेटस आणि जर्नल

राखीपौर्णिमेला राखी बांधतानाचा सेल्फी काढावासा वाटणं साहजिक आहे. काढू नका. चेहऱ्यावर इमोजी लावूनही नाही. शर्ट, हातावरचं गोंदण, मागची खोली यावरून गावातला माणूस मुलाला ओळखतो. मुलाची ओळख उघड करण्याला बाल न्याय कायद्याच्या कलम 74 नुसार 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 2 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

फोटोचं बहुतेकांना पटतं. जर्नलचं, म्हणजे फील्डवर्कच्या नोंदवहीचं, कुणाच्या लक्षात येत नाही, आणि मला जास्त काळजी त्याचीच वाटते. काही गंभीर प्रकरणं सोडली तर मुलाचं प्रकरण संपून अपिलाची मुदत उलटल्यावर त्याच्या नोंदी नष्ट करायच्या, असं हाच कायदा सांगतो. त्याला कोऱ्या पाटीवर सुरुवात करता यावी म्हणून. पण तुमचं जर्नल? त्यात पूर्ण नाव, गाव, वडिलांचं दुकान, कलमं सगळं लिहिलेलं असतं आणि ते विभागाच्या कपाटात वर्षानुवर्षं पडून राहतं. पुढच्या बॅचला नमुना म्हणून वाचायलाही मिळतं. सरकारी नोंद गेली तरी तुमची वही राहिली. म्हणून नाव नको, गाव नको. आद्याक्षरसुद्धा खऱ्या नावाचं नको. ‘मालेगावचा, उर्दू शाळेतला, तीन बहिणींचा भाऊ’ एवढ्यावरूनही मूल सापडतं. टायपिंग करून देणाऱ्या दुकानात फाइल ठेवून येऊ नका. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर केस टाकूच नका.

‘एवढीशी तर मदत’

चिठ्ठी बाहेर नेणं, आपल्या फोनवरून मित्राशी बोलू देणं, पन्नास रुपये देणं. मागणी छोटी वाटते, पण ती पूर्ण केलीत की तुम्ही त्या मुलाच्या हातात सापडता, मग पुढची मागणी नाकारता येत नाही. चिठ्ठी कुणाला जाते, त्यात काय आहे, हे तुम्हाला कळत नाही. ‘सरांना विचारून सांगतो’ एवढंच म्हणा आणि खरंच विचारून या. घरी फोन करण्याची संस्थेची पद्धत असते, ती त्या मुलाला मिळते का ते पाहा. ही खरी मदत झाली.

तंबाखूच्या पुडीबाबत मात्र विचारायलाही जायचं नाही. मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम 77 नुसार 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरीचा गुन्हा आहे. गुटखा किंवा नशेसाठी पंक्चरचं सोल्युशन हुंगणं सुटलेलं मूल पहिले काही दिवस चिडतं, झोपत नाही, डोकं धरून बसतं. कळवळून दया दाखवू नका. समुपदेशक आणि डॉक्टरांना कळवा.

गाडी अडली तर

मूल बोलतच नसेल तर आधी भाषा तपासा. सुरगाण्याकडचं मूल घरी कोकणा बोलतं, मालेगावचं उर्दू. तुमची पुस्तकी मराठी त्याला शाळेच्या मास्तरांसारखी वाटत असेल. चित्र, माती, क्रिकेट यातून सुरुवात होते. हातात कागद-पेन घेऊन समोर बसू नका.

शिव्या देत असेल तर लगेच तक्रार नको आणि हसून सोडूनही देऊ नका. ‘असं बोललास तर मी उठून जाईन, उद्या पुन्हा येईन,’ म्हणा. उठा. आणि दुसऱ्या दिवशी या.

‘पळून जाणार आहे’ किंवा ‘मला जगायचं नाही’ असं म्हणालं, हातावर ब्लेडचे ताजे वण दिसले, तर गंमत समजू नका. गेट ओलांडण्याआधी ड्यूटीवरच्या माणसाला सांगा.

‘मी कधी सुटणार?’ याला ‘लवकरच’ हे उत्तर नाही. मंडळाची चौकशी मूल पहिल्यांदा हजर झाल्यापासून 4 महिन्यांत संपवायची असते, मंडळ ती फार तर 2 महिने वाढवू शकतं, आणि गंभीर प्रकरणांत मुख्य न्यायदंडाधिकारी त्यापुढेही मुदत देऊ शकतात. त्याची पुढची तारीख परिविक्षा अधिकाऱ्याकडून घ्या आणि तेवढीच सांगा.

काळजीवाहकांना शत्रू समजू नका. रात्री मुलाच्या उशाशी तेच असतात. मारहाण दिसली तर मात्र गप्प बसायचं नाही. शारीरिक शिक्षा कायद्याने गुन्हा आहे.

न सांगता निघून जाणं

परीक्षा जवळ आल्या की तास पूर्ण होतात आणि विद्यार्थी यायचे थांबतात. मुलं मात्र आणखी दोन-तीन मंगळवार गेटकडे पाहत राहतात. निरोपाची तयारी निदान महिनाभर आधी सुरू करा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर शेवटचा दिवस मुलाच्या हाताने खूण करून घ्या. चालू असलेलं काम कुणाकडे जाणार हे त्याला नावानिशी सांगा. ‘भेटायला येत जाईन’ म्हणू नका. परवानगी संपली की तुम्हाला आत घेणार नाहीत.

बाहेर पडल्यावर काही मुलं इन्स्टाग्रामवर शोधून मेसेज करतात. रिक्वेस्ट स्वीकारू नका, पण दुर्लक्षही करू नका. त्याच दिवशी सुपरवायझरना सांगा आणि मुलाच्या परिविक्षा अधिकाऱ्यापर्यंत पोहोचवा. ते मूल बहुधा काहीतरी अडलं म्हणूनच तुम्हाला शोधत आलेलं असतं.