‘मशीन लोड नाही घेत’ : चेन सॉ ट्यून कशी करावी

आंबिया बहाराचा माल उतरला की आमच्या वरुड-मोर्शीकडं डिंक्यानं (डिंक गळण्याच्या रोगानं) खंगलेली संत्र्याची झाडं काढायचं काम निघतं, आणि माझ्या ओट्यावर चेन सॉ येऊन पडायला लागतात. आणणाऱ्याचं वाक्य ठरलेलं असतं: “भाऊ, मशीन लोडच नाही घेऊन राह्यली. कार्बोरेटर पाहून द्या बरं.” मी आधी साखळी पाहतो. बहुतेक वेळा कार्बोरेटरला हात लावायची पाळीच येत नाही.

खाली सांगतो ते ५० ते ६० सीसीच्या मशीनसाठी आहे. खेड्यांत जास्त दिसते ती ५८ सीसीची, २२ इंची बारची (साखळी जिच्यावरून फिरते त्या पट्टीची) चिनी बनावटीची मशीन. तीच डोळ्यापुढं ठेवली आहे. सगळ्यांना हौस असते सायलेंसर कापायची, पण तो सर्वांत शेवटी. आधी साखळी, मग बार, मग हवा आणि पेट्रोल, मग कार्बोरेटरचे स्क्रू. हा क्रम उलटा केला तर बोथट साखळीमागं जास्त जोर लावल्यासारखं होतं. क्लच जळतो आणि ओंडका जिथल्या तिथं राहतो.

आधी आजची ताकद मोजा

काही बदलण्याआधी वाळल्या बाभळीचा वीतभर जाडीचा सरळ ओंडका घ्या. मशीन गरम करा, तीन काप घ्या, प्रत्येक काप मोबाइलवर मोजा आणि सरासरी भिंतीवर कोळशानं लिहून ठेवा. मशीन दाबायची नाही, तिच्या वजनानंच उतरू द्यायची. पुढं प्रत्येक बदलानंतर त्याच ओंडक्यावर तेच करायचं. आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली असं कानाला वाटतं. भिंतीवरचे आकडे त्याला बधत नाहीत. (ओंडका बाभळीचाच का? कारण ती सगळीकडं मिळते. सागाच्या नादी लागू नका. आपल्या धुऱ्यावरचा (बांधावरचा) असला तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानुसार परवानगीशिवाय तो पाडता येत नाही.)

साखळी

कापताना जे उडतं ते मशीन बंद केल्यावर मुठीत घ्या. पिठासारखा भुसा असेल तर साखळी बोथट आहे. दाणेदार ढलप्या पडल्या पाहिजेत.

०.३२५ इंच पिचच्या (पिच म्हणजे कड्यांमधलं अंतर) साखळीला ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते. आपली साखळी कोणत्या पिचची ते बारवर किंवा पुस्तिकेत असतं. हाती लागेल ती कानस चालवू नका. बारीक कानस दाताला आकड्यासारखा खालून पोखरते आणि जाड कानस धार बसवतच नाही. कानशीचा साधारण पाचवा भाग दाताच्या माथ्यावर राहील अशी धरायची, ३० अंशांचा कोन ठेवायचा आणि आतून बाहेर एकाच दिशेनं ढकलायची. परत आणताना उचलायची. घासत मागं आणली तर दाताची धार नाही जात, कानशीची जाते. डाव्या बाजूच्या सगळ्या दातांना तीन-तीन हात, मग उजव्या बाजूच्यांना तेवढेच. एखादा दात फारच झिजला असेल तर बाकीचे त्याच्या लांबीला आणा. मशीन एका अंगाला वाकडी कापत असेल तर नव्वद टक्के संशय या डाव्या-उजव्या फरकावरच घ्या.

आता बहुतेक जण विसरतात ती गोष्ट. प्रत्येक दातापुढं एक छोटा उंचवटा असतो, त्याला डेप्थ गेज म्हणतात. सुताराच्या रंध्याचं पातं जितकं बाहेर काढाल तितकी जाड ढलपी निघते; इथं ते काम हा उंचवटा करतो. तो दाताच्या टोकापेक्षा सुमारे ०.६५ मिलिमीटर खाली हवा. दात घासून घासून खाली येतो, उंचवटा मात्र तिथंच राहतो, म्हणून चार-पाच वेळा धार लावली की सपाट कानशीनं त्यालाही खाली घ्यावं लागतं. मोजायची पट्टी साखळीच्या दुकानात मिळते. “अजून खोल घेतला तर अजून पळेल” या मोहात पडू नका. दात लाकडात अडकतो, मशीन झटका मारून तोंडाकडं उसळते.

धुऱ्यावरच्या बाभळीत जुनी काटेरी तार गिळलेली असते, आणि बुंध्याच्या सालीत काळी माती भरलेली असते. मातीचा एक काप अख्ख्या दिवसाची धार खातो. जिथून कापायचं तिथली हातभर साल कुऱ्हाडीनं काढून घ्या. या दोन मिनिटांच्या कामाइतकं स्वस्त ‘ट्यूनिंग’ दुसरं नाही.

बार आणि स्प्रॉकेट

५८ सीसीच्या इंजिनावर २२ इंची बार दिसायला रुबाबदार, पण इंजिनाला तो जड जातो. संत्र्याची झाडं आणि मध्यम बाभळी एवढंच काम असेल तर १८ इंची बार बसवा. साखळी घेताना पिच, गेज (बारच्या खाचेत बसणाऱ्या कडीची जाडी) आणि ड्राइव्ह लिंकची, म्हणजे त्या खाचेतल्या कड्यांची, संख्या तिन्ही जुळली पाहिजेत. बार दर वेळी उलटा करून लावायचा, खाचेतला भुसा काढायचा, कडेला बाहेर आलेली बोचरी धातूची कड सपाट कानशीनं मारायची, तेलाचं भोक मोकळं करायचं. ट्रॅक्टरचं जळालं ऑइल बारला ओतणारे पुष्कळ आहेत. त्यात धातूचा चुरा असतो, आणि तो चुरा पंप अन् बार दोन्ही खातो.

सात दातांचं स्प्रॉकेट (साखळी फिरवणारं दातेरी चाक) काढून आठचं लावलं की साखळीचा वेग सुमारे १४ टक्के वाढतो, पण ओढ जवळपास तेवढीच कमी होते. फांद्यांना ठीक, बाभळीच्या खोडाला नाही.

हवा आणि पेट्रोल

फिल्टर साबणाच्या पाण्यानं धुवा, पूर्ण वाळवा. काळ्या मातीची धूळ मैद्यासारखी असते; वावरात काम असेल तर रोज संध्याकाळी हे करायचं.

पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, म्हणून स्क्रू तिथंच असले तरी मिश्रण आधीपेक्षा कोरडं होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं. शिवाय ते पाणी ओढतं आणि कार्बोरेटरच्या पडद्याचं रबर कडक करतं. महिनाभर कॅनमध्ये राहिलेलं पेट्रोल चेन सॉला नको.

ऑइलचं प्रमाण पुस्तिकेतलं धरा. १:२५ म्हणजे लिटरला ४० मिली, १:५० म्हणजे २० मिली. खोकल्याच्या औषधाच्या टोपीनं मोजलं तरी चालेल, अंदाजानं ओतू नका. जास्त ऑइल घातलं की मशीन जास्त सुरक्षित असा एक समज आहे. तेवढ्याच मिश्रणात ऑइल वाढलं म्हणजे पेट्रोल घटलं, म्हणजे मिश्रण आणखी कोरडं. एक प्रमाण ठरवा आणि त्याच्यावरच ट्यून करा.

प्लगची फट ०.६ ते ०.७ मिलिमीटर. त्यावरचा रंग चहासारखा तपकिरी हवा. पांढरट असेल तर पुढचा भाग वाचेपर्यंत मशीन चालवू नका.

तीन स्क्रू

कार्बोरेटरवर तीन स्क्रू असतात. एल म्हणजे कमी वेगाचं पेट्रोल, एच म्हणजे पूर्ण वेगाचं, टी म्हणजे नुसती आयडल (ट्रिगर सोडल्यावरचा वेग). एल आणि एच घट्ट केले की पेट्रोल कमी, सैल केले की जास्त. मिस्त्री लोक याला लीन आणि रिच म्हणतात. काही नव्या मशीन स्वतःच ट्यून होतात, त्यांना हे स्क्रूच नसतात. त्यांच्या मालकांनी थेट पुढच्या भागावर जावं.

सुरुवातीला दोन्ही स्क्रू किती वेढ्यांवर आहेत ते मोजून लिहा. मग अलगद घट्ट करून, जोर न लावता, एक ते सव्वा वेढा सैल करा. जोर लावला तर सुईचं टोक बसकं होतं आणि कार्बोरेटर कायमचा हट्टी बनतो. मशीन सुरू करून चार-पाच काप घ्या. थंड इंजिनावर ट्यूनिंग करायचं नाही.

एल हळूहळू घट्ट करत जा, आयडल वाढेल. जिथं सर्वांत वर जाईल तिथून पाव वेढा सैल करा. ट्रिगर झटकन दाबा. मशीन गुदमरून मग उठत असेल तर एल आणखी जरासा सैल. टीनं आयडल अशी ठेवा की साखळी अजिबात फिरणार नाही. फिरत राहिली तर कामाला घेऊ नका.

आता एच, आणि इथं कान लागतो. बिनभाराची मशीन दोन-तीन सेकंदच पूर्ण दाबा. उतारावरून येताना जुनी लुना जशी फडफडायची, तशी बारीक फडफड ऐकू आली पाहिजे. मग ओंडक्याला लावा. दात लाकडात शिरताच फडफड थांबून आवाज गुळगुळीत झाला, उचलताच पुन्हा फडफडली, की एच जागेवर बसला. लाकडातही फडफडत असेल तर रिच आहे, वेढ्याचा आठवा भाग घट्ट करा. मोकळ्यावर स्वच्छ शिट्टीसारखा आवाज येत असेल तर लगेच सैल करा. फसवणारी एकच गोष्ट: काही मशीनच्या कॉइलमध्ये वेगमर्यादा असते आणि तिचाही आवाज फडफडीसारखाच येतो. शंका वाटली तर एच पाव वेढा सैल करून पुन्हा ऐका. टॅकोमीटर (इंजिनाचा वेग मोजायचं यंत्र) असेल तर पुस्तिकेतला कमाल आकडा ओलांडू नका.

ही शिट्टी मला एकदा फार गोड वाटली होती. मे महिन्यात, ऊन ४५ अंशांवर, मशीन ट्यून केली होती. सायलेंसरही उघडला होता आणि एच काठावर ठेवला होता. डिसेंबरात पहाटे गारठ्यात तीच मशीन घेऊन संत्र्याची खोडं कापायला गेलो. थंड हवा दाट असते, त्यामुळं तेवढ्याच पेट्रोलला हवा जास्त मिळाली. मशीन कधी नव्हे अशी पळाली. सोबतचा गडी म्हणाला, “आज तं मशीन उडून राह्यली बावा!” तिसऱ्या झाडावर ती उडायची थांबली, दोरी ओढता येईना. सायलेंसर काढून भोकातून पाहिलं तर पिस्टनवर उभ्या रेघा, नखाला लागतील एवढ्या खोल. पिस्टन, सिलिंडर दोन्ही गेले. तेव्हापासून ऋतू बदलला की एच नव्यानं ऐकतो, आणि हिवाळ्यात जरा रिचच ठेवतो.

सायलेंसर

वरचं सगळं झालं, भिंतीवरचा आकडा उतरला, आणि तरीही हौस असेल तर हे करा. वॉरंटी जाईल, आवाज वाढेल, शेजारी बोलतील.

सायलेंसर काढा. उघड्या पडलेल्या सिलिंडरच्या तोंडाला पिस्टन आडवा आणून वर कापड कोंबा. आतला पत्रा पाहा. चिनी मशीनमध्ये धूर बाहेर पडायचं भोक बहुधा करंगळी जाईल न जाईल एवढंच असतं. ते ड्रिल आणि गोल कानशीनं वाढवा, किंवा शेजारी दुसरं पाडा. एकूण वाट सिलिंडरच्या एक्झॉस्ट तोंडाच्या तीन-चतुर्थांशापेक्षा मोठी करू नका. धुराचा रोख हातावर, टाकीवर किंवा प्लॅस्टिकवर येता कामा नये. लोखंडाचा चुरा पेट्रोलनं धुऊन, फुंकून काढा, कारण राहिलेला कण सिलिंडरमध्ये ओढला जातो. गॅस्केट फाटली असेल तर नवी घाला.

ठिणगी अडवणारी जाळी कोणत्याही परिस्थितीत परत बसवा. काजळी धरली असेल तर घासून घ्या, पण काढून टाकू नका. मार्च ते मे आपल्याकडं सागाची पानं आणि वाळलं गवत बंदुकीच्या दारूसारखं पेटतं.

धूर मोकळा झाला की हवाही जास्त ओढली जाते. म्हणून सायलेंसर लावल्यावर पहिली दोरी ओढण्याआधीच एच पाव वेढा सैल करा आणि मग वर सांगितल्याप्रमाणं कानानं खाली आणा. स्क्रूवर प्लॅस्टिकची टोपी असेल आणि एच पुरेसा सैल होत नसेल, तर टोपी काढावी लागते. तेही जमत नसेल तर सायलेंसर होता तसाच राहू द्या.

फ्लायव्हीलची चावी घासून टायमिंग पुढं घेणं, बेस गॅस्केट काढून कॉम्प्रेशन वाढवणं हे प्रकार मी करत नाही. पिस्टन आणि माथा यांच्यात जेमतेम अर्धा मिलिमीटर जागा उरते. ती शिशाच्या तारेनं मोजायला ज्याला येत नाही त्यानं तिकडं जाऊ नये.

शेवटी हेल्मेट, चष्मा आणि कानात बोळे घालून त्याच बाभळीवर तीन काप घ्या, भिंतीवर लिहा. शेजारी एच किती वेढ्यांवर आहे आणि महिना कोणता, तेही लिहा. आमच्या भिंतीवर आता ‘मे’ आणि ‘डिसेंबर’ अशा दोन ओळी आहेत, आणि मशीन नेणारा प्रत्येक जण आधी ती भिंत वाचतो.