सोलापुरात शिक-मटण खायला जायचंय? मग असं जा

आधी वार बघा. पुण्या-मुंबईची मंडळी सोमवारी दुपारी स्टेशनवर उतरतात आणि रिक्षावाल्याला विचारतात, मामा चांगलं मटण कुठं मिळतंय. आता सोमवार म्हणजे सिद्धेश्वराचा वार, कितीतरी घरांत त्या दिवशी खात नाहीत, गुरुवार अक्कलकोटच्या स्वामींचा, शनिवार मारुतीचा, आणि घरगुती खानावळवाल्यांचं गिऱ्हाईक म्हणजे गल्लीतलीच माणसं, ती नाही आली तर बोकड आणून करायचं काय, म्हणून अशा वारी माल कमी नायतर शटरच खाली. बुधवार आणि रविवार हे हक्काचे. शुक्रवारी देवीचा वार पाळणारे सोडले तर चालतंय. श्रावणात विचारूच नका, आणि गटारीला किंवा धुळवडीला गेलात तर जेवण मिळेल पण बसायला जागा मिळेल याची गॅरंटी नाही.

ठिकाण कसं शोधायचं, तर ऑनलाइन रेटिंग जरा बाजूला ठेवा. हायवेवर एसी लावलेली मोठी हॉटेलं आहेत, ती वाईट नाहीत, पण तिथं जेवण साताऱ्यात बसल्यासारखंच लागतंय. गावात या. अशोक चौक, कन्ना चौक, पूर्व भाग, हा सगळा विणकरांचा एरिया, मागाच्या खटखटाटात मोठी झालेली माणसं, आणि तिथल्या छोट्या खानावळी म्हणजे पुढं चार-सहा टेबलं आणि मागं घर. सावजी लिहिलेलं दिसलं तर नागपूरचं डोक्यात ठेवून जाऊ नका, ते हलबा कोष्टी समाजाचं, आपल्याकडचं सोमवंशीय सहस्रार्जुन क्षत्रिय समाजाचं, मसाला वेगळा. त्यांच्याकडं खिमा उंडे, म्हणजे खिम्याचे गोळे, दिसले तर सोडू नका. रमजान चालू असेल तर संध्याकाळी विजापूर वेशीकडं मीना बाजारात जा, तिथं निखाऱ्यावरच्या कबाबाचा वास रस्त्यावर येतोय, फक्त गाडी लांब लावा.

आता शिक. सळईला बोट्या, म्हणजे मटणाचे तुकडे, ओवून नायतर खिमा थापून निखाऱ्यावर भाजायचं एवढंच, पण एवढ्यातच सगळं आहे. आत शिरायच्या आधी शेगडीपाशी मिनिटभर उभं राहा, कुणी काही म्हणत नाही. जाळ दिसला तर गडबड आहे, निखाऱ्यावर पांढरट राख चढलेली पाहिजे आणि आत लाल, कारण जाळावर बोटी वरनं काळी पडते आणि आत कच्ची राहते. बोकडाचं मटण मुळातच कमी चरबीचं, म्हणून जाणकार माणूस बोट्यांच्या मधी चरबीचा तुकडा ओवतो, ती वितळून मटणाला लागते, थोडी निखाऱ्यावर टपकते, धूर उठतो, आणि तो धूर परत बोटीला लागतो. ती चव गॅसच्या तव्यावर कितीही मसाला मारला तरी येत नाही. हातात पुठ्ठा घेऊन वारा घालणारे आजोबा दिसले की बिनधास्त बसा.

मटण मऊ व्हायला कच्ची पपई लावतात बऱ्याच ठिकाणी, त्यातलं पपेन मांसाचे धागे तोडतं, त्यात चूक काही नाही, पण जास्त वेळ मुरलं की बोटी चावायला काही उरतच नाही, नुसती पिठूळ लागते. थोडं चावावं लागलं तर तक्रार करू नका, ती चांगली खूण आहे.

बसलात की भिंतीवरचा बोर्ड वाचत बसू नका. बोर्ड दुकान उघडताना रंगवलेला असतोय, त्यातलं निम्मं कधी बनतच नाही. सरळ विचारा, “मावशी, आज काय हाय?” मग खरं उत्तर येतंय, “कलेजी संपली, खिमा हाय थोडा, शिक लावलेत, वीस मिनिटं लागतील, बसा की ओ.” तर बसायचं. “भैया, जरा लवकर” वगैरे म्हणायचं नाही, मागं ती भाकरी थापतीय, सून कांदा चिरतीय, पोरगा दहावीचं पुस्तक बाजूला ठेवून पाणी देतोय, यापेक्षा लवकर कोण करणार. तुम्ही चौघापेक्षा जास्त असाल तर सकाळीच फोन करून सांगा, मग नळी आणि चाप तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवतात, नायतर ते पहिल्या पंगतीलाच संपतंय.

कलेजी असेल तर ती पहिली मागवा आणि ताटात आली की लगेच खा, कलेजी दोन मिनिटं जास्त भाजली की रबर. मग शिक. सगळे एकदम मागवायचे नाहीत, माणशी दोन घ्या, ते संपत आले की पुढचे सांगा, कारण बोकडाची चरबी लवकर गोठते आणि गार शिक टाळूला चिकटतंय. याच कारणानं शिकाबरोबर फ्रिजमधलं गार कोल्ड्रिंक मागवू नका. कांदा, लिंबू, बास. पुदिन्याची हिरवी चटणी आणि मेयोनीज मागणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

ताटाकडं वळताना आधी वाटीभर अळणी मागा. हळद, आलं-लसूण, मीठ घालून शिजवलेल्या मटणाचं हे पाणी, तिखट घालायच्या आधी काढलेलं, मटण ताजं आहे का नाही ते इथंच कळतंय. नंतर सुक्कं आणि रस्सा. रस्स्याचा रंग बघून घाबरू नका, आपल्याकडं काळं तिखट असतंय, उन्हाळ्यात वर्षाचं करून ठेवलेलं, खोबरं आणि मसाले चांगले काळपट होईस्तोवर भाजलेले, आणि दाटपणाला शेंगदाण्याचं कूट. बहुतेक घरगुती ठिकाणी रस्सा परत वाढतात, सुक्कं नाही, तरी पहिल्यांदा गेलात तर विचारून घ्या म्हणजे बिलाच्या वेळी तोंड वाकडं होत नाही.

भाकरी दोन प्रकारची सांगा, हे महत्त्वाचं. सुक्क्याबरोबर गरम मऊ भाकरी आणि रस्स्याबरोबर कडक. कडक भाकरी ही पापडासारखी पातळ, मालदांडी ज्वारीची असेल तर सोन्याहून पिवळं, मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय टॅग आहे ते उगाच नाही. ती बुडवून खायची नसते. ताटात हातानं बारीक चुरायची, वरनं उकळता रस्सा ओतायचा, भाकरी निम्मी भिजली आणि निम्मी कुरकुरीत असतानाच खायला लागायचं, मधी मधी सुक्क्याची बोटी आणि कांद्याचा घास. चमचा मागू नका, चमच्यानं ते जमतच नाही.

तिखट लागणारच. पाणी पिऊन फरक पडत नाही, मिरचीतलं कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, ते दह्या-ताकानं कमी होतंय, म्हणून ताक आधीच मागवून ठेवा. सोलकढी मागू नका, ती कोकणात. शेवटी भात घेणार असाल तर थोडा रस्सा-भात आणि मिळाली तर दहीबुत्ती, म्हणजे दहीभात, पोटाला बरं वाटतंय. “कमी तिखट करून द्या” म्हणून उपयोग नाही, पातेलं एकच असतंय, सकाळीच फोडणी पडलीय.

बाटली घेऊन जायचं नाही. काही ठिकाणी चालतं, पण पडद्यामागं घरची पोरंबाळं असतात, ‘फक्त फॅमिलीसाठी’ अशी पाटी असेल तर विचारायचंसुद्धा नाही. सोबत शाकाहारी माणूस असेल तर फोनवरच विचारा, शेंगा चटणी-भाकरी-दही बहुतेक मिळतंय, पण पळी आणि तवा वेगळा असेलच असं नाही. पैसे स्कॅनरवर घेतात, तरी सुट्टे ठेवा, आतल्या गल्लीत रेंज जाते. आणि जेवण झालं की टेबल सोडा, बाहेर माणसं थांबलेली असतात, गप्पा बाहेर पानपट्टीवर मारा.

रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसनं मुंबईला जाणार असाल तर शिक पार्सल घेऊ नका, कुर्डुवाडी येईस्तोवर त्याचं चामडं होतंय. सुक्कं घ्या, डबा घरनं न्या म्हणजे पिशवीतनं तेल गळत नाही, आणि कडक भाकरीचं पाकीट वेगळं घ्या, ती नीट बांधलेली असेल तर बरेच दिवस टिकते. वरच्या बर्थवर ठेवा, खाली ठेवलं की कुणीतरी पाय देतोयच.