घरी उभी असलेली गाडी सुरू होत नसेल तेव्हा : गोव्याच्या दमट हवेत दोष शोधण्याची रीत

‘गाडी सुरू होत नाही’ या एका वाक्यात दोन निरनिराळ्या तक्रारी दडलेल्या असतात, आणि त्यांपैकी आपली कोणती हे ठरवल्याशिवाय बोनेट उघडण्यात फारसा अर्थ नसतो. सेल्फ मारल्यावर इंजिन फिरतच नाही, ही पहिली तक्रार. इंजिन नेहमीच्या जोमाने फिरते पण सुरू मात्र होत नाही, ही दुसरी. पहिलीचा शोध बॅटरी, तिचे जोड आणि स्टार्टर (इंजिन फिरवणारी छोटी मोटर) या वाटेने घ्यायचा असतो, तर दुसरीचा इंधन आणि ठिणगी यांच्या वाटेने. म्हणून हत्यारे काढण्यापूर्वी खिडकीच्या काचा खाली करून, पंखा व रेडिओ बंद ठेवून, एकदाच किल्ली फिरवावी आणि नीट ऐकावे.

यास एकच अपवाद आहे. रात्रभराच्या पावसाने खाजनाकडेच्या (खाडीकाठच्या सखल शेतजमिनीलगतच्या) किंवा सखल अंगणातील गाडीत पाणी शिरले असेल, चाकाच्या मध्याच्या वर पाण्याची खूण दिसत असेल, तर किल्ली मुळीच फिरवू नये. हवेप्रमाणे पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारल्यास पिस्टनचा दांडा वाकतो आणि काही हजारांत मिटले असते ते काम पूर्ण इंजिन खोलण्यावर जाते. पाण्यातील गाडी सुरू करण्याच्या प्रयत्नात झालेले असे नुकसान साध्या विमा पॉलिसीत सहसा धरले जात नाही. त्यासाठी इंजिनाचे जादा संरक्षण घेतलेले असावे लागते. अशा वेळी बॅटरीची ऋण वायर सोडवून गाडी उचलून नेण्याची व्यवस्था करावी.

प्रथम अगदी क्षुल्लक गोष्टी पाहाव्यात, कारण त्या पाहायच्या राहिल्यामुळे मेकॅनिकला पेडण्याहून साखळीपर्यंत बोलावल्याची उदाहरणे कमी नाहीत. स्वयंचलित गिअरची गाडी ‘पी’ किंवा ‘एन’मध्ये नसेल, ब्रेक दाबलेला नसेल, किंवा साध्या गिअरच्या अनेक नव्या गाड्यांत क्लच पूर्ण दाबलेला नसेल, तर स्टार्टरला वीजच मिळत नाही. स्कूटरचा ब्रेक दाबला आहे ना, बाजूचा स्टँड वर आहे ना, आणि मोटारसायकलच्या मुठीजवळची इंजिन बंद करण्याची लाल कळ कोणी मुलाने फिरवून ठेवलेली नाही ना, हेही पाहावे.

आता आवाजाकडे वळू. किल्ली फिरवताच टिकटिकटिक असा भरभर आवाज आला आणि समोरचे दिवे मंदावले, तर बॅटरीत दम नाही किंवा जोडांतून वीज पुरेशी पोहोचत नाही. दिवे प्रखर राहून एकच जाड ‘टक्’ ऐकू आला, तर संशय स्टार्टरवर आणि त्याच्या वायरीवर जातो. दिवे प्रखर आणि आवाज काहीच नाही, असे असेल तर फ्यूज, रिले (वीज जोडणारी-तोडणारी आपोआप कळ) किंवा वर सांगितलेली क्लच-गिअरची कळ तपासावी. दिवेही लागत नसतील, तर बॅटरी पूर्ण उतरलेली आहे किंवा टर्मिनल (बॅटरीला वायर जोडण्याचे टोक) सुटलेले आहे.

गोव्यात या टर्मिनलपाशी जरा अधिक वेळ थांबावे, असे माझे मत आहे. वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यात किनारपट्टीचा खारा वारा. अशा हवेत सुटा भाग बिघडण्याआधी दोन भागांमधला जोड बिघडतो. टर्मिनलवर पांढरट, निळसर किंवा हिरवट भुकटी साचलेली असेल तर प्रथम ऋण वायर सोडवावी आणि नंतर धन. हा क्रम उलटा केल्यास धन टर्मिनलवरचा पाना गाडीच्या पत्र्याला टेकून शॉर्ट होण्याचा धोका असतो. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून जुन्या दातघासणीने टर्मिनल घासावे, पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नये, कोरडे पुसून बारीक पॉलिशपेपर फिरवावा, आणि बसवताना आधी धन, मग ऋण जोडून वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा. हाताने पिळल्यावर टर्मिनल जरासेही हलता कामा नये. एवढे करून पुन्हा किल्ली फिरवावी. अनेकदा काम येथेच संपते.

न संपल्यास ऋण वायर, म्हणजे अर्थिंगची पट्टी, गाडीच्या सांगाड्याला आणि इंजिनाला जिथे बोल्टने जोडलेली असते तिथवर जाऊन पाहावे. मागे एकदा चतुर्थीच्या सुट्टीनंतर माझी गाडी अशीच अडली, तेव्हा सांगितले गेले तसे मी मुकाट्याने नवी बॅटरी बसवून घेतली. आठवड्याने पुन्हा तीच टिकटिक. दोष होता तो त्या अर्थिंगच्या पट्टीत, जिच्या आतील तारा हिरव्या पडून हाताने तुटत होत्या. तेव्हापासून मी बॅटरीला दोष देण्याआधी व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर लावतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा दिसतो, १२.२ म्हणजे साधारण निम्मी उतरलेली, आणि १२च्या खाली ती जवळपास रिकामी. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगून आकडा पाहावा: तो ९.६च्या खाली कोसळला तर बॅटरी उतरलेली किंवा थकलेली आहे. चार्ज करून पुन्हा तसेच झाले, तर तिचे आयुष्य संपले. आपल्या उष्ण हवेत तीन-चार वर्षांनी असे होणे अकाली म्हणता येत नाही.

शेजाऱ्याच्या गाडीवरून वीज घ्यायची असेल तर लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या धनाला, मग चांगल्या बॅटरीच्या धनाला. काळी चांगल्या बॅटरीच्या ऋणाला आणि तिचे शेवटचे टोक आपल्या इंजिनाच्या रंग नसलेल्या धातूला लावावे. ते टोक बॅटरीवरच लावू नये, कारण तिथे उडणारी ठिणगी बॅटरीतून निघालेल्या हायड्रोजनला पेटवू शकते. काढताना हाच क्रम उलटा. धक्का मारून चालू करण्याचा उपाय साध्या गिअरच्या गाडीपुरताच आहे; स्वयंचलित गिअरच्या गाडीला किंवा गिअर नसलेल्या स्कूटरला धक्का मारणे म्हणजे केवळ घाम गाळणे. तसेच, एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सहा या प्रदूषण-मानकाच्या दुचाक्या बहुतांशी फ्यूएल इंजेक्शनच्या (विजेच्या पंपाने इंधन फवारणाऱ्या) असल्यामुळे, बॅटरी पूर्ण मेलेली असेल तर त्यांचा पंपच चालत नाही आणि किकही अनेकदा वाया जाते.

इंजिन जोमाने फिरूनही सुरू होत नसेल, तर किल्ली ‘ऑन’ करून टाकीच्या बाजूने दोन-तीन सेकंदांची बारीक घूंऽऽ ऐकू येते का पाहावे. ती इंधनपंपाची असते. ती नसेल तर पंपाचा फ्यूज आणि रिले तपासावा. किल्लीचे चित्र असलेला दिवा लुकलुकत राहिला तर इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) किल्ली ओळखत नाही. दुसरी किल्ली वापरून पाहावी. पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर इंजिनात पेट्रोल जास्त झाले आहे: दहा मिनिटे थांबून, इंजेक्शनच्या कारमध्ये ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून ठेवून सेल्फ मारावा. स्कूटरचा ठिणगी पाडणारा प्लग मात्र घरी काढून पाहता येतो. बरेच सेल्फ मारूनही तो कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. ओला असेल तर पेट्रोल येते पण ठिणगी पडत नाही. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतील ओल शोषून घेते, म्हणून पूर्ण पावसाळा उभ्या राहिलेल्या गाडीत जुन्या पेट्रोलवरही संशय घ्यावा. डिझेल गाडीत गुंडाळीचे चित्र असलेला दिवा विझेपर्यंत थांबावे, आणि फिल्टरखालच्या नळीतून साचलेले पाणी सोडावे.

बोनेट उघडेच आहे, तर उंदरांचीही चौकशी करावी. नारळाच्या सोडणाचे धागे, काजूच्या बियांची टरफले किंवा लेंड्या इंजिनावर दिसल्या, तर कुरतडलेली वायर जवळपास असणारच. ती स्वतः पिळून टेप लावू नये. फोटो काढून इलेक्ट्रिशियनला दाखवावा.

गाडी सुरू झाली की लगेच बंद करू नये. इंजिन चालू असताना मल्टिमीटर पुन्हा बॅटरीवर लावावा: १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले तर अल्टरनेटर (इंजिनावर चालणारे वीजजनित्र) बॅटरी भरत आहे. आकडा १२च्या घरातच राहिला तर बॅटरी भरली जात नाही. दिवसाउजेडी, वातानुकूलन बंद ठेवून, वाटेत इंजिन न थांबवता गाडी थेट गॅरेजात न्यावी.