बेटावरची लढाई वाचायची असेल तर आधी इंटेलिजन्सवाल्यांचं काम करून बघा: तारावा, १९४३

दुसऱ्या महायुद्धातल्या पॅसिफिकमधल्या अमेरिका-जपान लढाया वाचताना आपण थेट लँडिंगवर, म्हणजे सैन्य किनाऱ्यावर उतरतं तिथे, उडी मारतो. तसं करू नका, आधी स्वतः अंदाज बांधा आणि मग पुढे काय झालं ते वाचा. सुरुवातीला तारावा या पॅसिफिकमधल्या बेटांच्या कड्यातलं बेशिओ घ्या, जेमतेम तीन किलोमीटर लांबीचं बेट आहे.

पहिलं काम, माणसं मोजायची. विमानातून काढलेल्या फोटोत जपान्यांनी पाण्यावर बांधलेले संडास दिसत होते, मग अमेरिकन लोकांनी ते मोजले आणि एका संडासामागे किती माणसं असतील असा हिशोब लावून आकडा काढला, आणि तो खऱ्याच्या अगदी जवळ आला, म्हणजे मजूर धरून साडेचार हजारांच्या वर. पण हीच पद्धत सगळीकडे चालेल असं समजू नका. इवो जिमा या जपानी बेटावर १३-१४ हजारांचा अंदाज होता, निघाले २० हजारांच्या वर, कारण माणसं भुयारात होती आणि फोटोत जमिनीखालचं काही दिसत नाही.

दुसरं काम पाण्याचं, आणि याला खरंच वेळ द्या. लँडिंगची तारीख २० नोव्हेंबर १९४३. त्या दिवसाची तिथी काढा, वद्य अष्टमीच्या आसपास येते. कोकणातल्या माणसाला एवढं सांगितलं तरी पुरे, तो लगेच म्हणेल अरे हा तर भांग (अष्टमीच्या सुमाराची कमी भरती), पाणी चढणार नाही! त्यात चंद्रही पृथ्वीपासून लांब होता. सैनिकांना किनाऱ्यावर उतरवणाऱ्या हिगिन्स बोटीला भरल्यावर साडेतीन-चार फूट पाणी लागतं, रीफवर, म्हणजे बेटाभोवतीच्या उथळ प्रवाळ खडकावर, तेवढं नव्हतं. त्या भागात बरीच वर्षं राहिलेल्या मेजर हॉलंडनी आधीच बजावलं होतं, तरी ठरलं तेच केलं. बोटी रीफवर अडकल्या आणि पोरं छातीभर पाण्यातून गोळीबारात शेकडो मीटर चालत गेली. तीन दिवसांत हजारेक अमेरिकन गेले, हे वाचताना मला अजून त्रास होतो.

म्हणून वहीत दोन कॉलम करा, फोटोतून काय कळलं आणि तिथे राहिलेल्या माणसाकडून काय कळलं. दोन्ही जुळत नसतील तिथे लाल पेनाने खूण करा.

हे झालं की पॅसिफिकमधलंच क्वाजालीन घ्या, जानेवारी १९४४ ची अखेर. तिथे लँडिंगच्या आधी पोहणारी माणसं रीफपर्यंत जाऊन पाणी बघून आली होती.