अमेरिकेत रॅले-डरमला टॉक्सिकॉलॉजीच्या (विषशास्त्राच्या) पीएचडीला येताय?

दर जुलैत मला चार-पाच फोन येतात. पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, प्रेशर कुकर आणू का?" आणा, तीन लिटरचा पुरतो. शिट्टी आणि रिंग जादा आणा. पण गाईडच्या ग्रँटची, म्हणजे संशोधनासाठी मिळालेल्या पैशांची, किती वर्षं उरलीत, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. त्याकडे येतेच. आधी बॅगेतल्या हळदीचं बघू.

सुटी विकतची हळद आणू नका. नॉर्थ कॅरोलायनात २०११ ते २०१८ या काळात ज्या मुलांच्या रक्तात शिसं जास्त सापडलं, त्यांच्या घरातले मसाले, चूर्णं आणि पूजेची कुंकवं तपासली गेली. त्यातल्या बऱ्याच नमुन्यांत शिसं निघालं. हळद पिवळीधमक दिसावी म्हणून काही ठिकाणी तिला लेड क्रोमेट हा शिसं असलेला पिवळा रंग चोपडतात, अगदी हळकुंडांनासुद्धा. घरच्या शेतातली असेल तर खुशाल आणा. टॉक्सिकॉलॉजी शिकायला येताय, तर सुरुवात स्वतःच्या मसाल्याच्या डब्यापासून झालेली बरी.

आता जागेबद्दल. नॉर्थ कॅरोलायनात तीन विद्यापीठं जवळजवळ आहेत: रॅलेत एनसी स्टेट, डरममध्ये ड्यूक, चॅपल हिलला यूएनसी. तिन्हीकडे टॉक्सिकॉलॉजीत पीएचडी करता येते आणि मधोमध रिसर्च ट्रँगल पार्क. एनआयईएचएस ही पर्यावरण-आरोग्याची राष्ट्रीय संस्था तिथेच आहे आणि ईपीए या सरकारी पर्यावरण संरक्षण संस्थेच्या प्रयोगशाळाही. एकेकाळी इथली मुलं "मग काय, ईपीएत पोस्टडॉक" (पीएचडीनंतरचं संशोधनाचं काम) असं सहज म्हणायची. जुलै २०२५ मध्ये ईपीएने आपला संशोधन विभागच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा त्या भरवशावर आराखडा आखू नका.

बहुतेक प्रोग्रॅममध्ये पहिल्या वर्षी लॅब रोटेशन असतं. दोन-तीन लॅबमध्ये काही आठवडे काम करायचं आणि मग गाईड निवडायचा. आपल्याकडे सर जे देतील ते घ्यायची सवय, त्यामुळे इथे निवडणारे आपणही आहोत हे लक्षातच येत नाही. मी २०१५ च्या ऑगस्टमध्ये आले आणि माझ्या पहिल्या रोटेशनच्या लॅबवर भाळले. मशिनं नवी, माणसं हसरी. पैशांचं विचारणं उद्धटपणा वाटला म्हणून विचारलं नाही. मे महिन्यात कळलं की ग्रँट ऑगस्टमध्ये संपतेय. लॅबमधले विद्यार्थी म्हणाले, आम्हाला तर डिसेंबरपासून माहीत होतं, तू विचारलंच नाहीस! उन्हाळाभर दारोदार हिंडून दुसरी लॅब मिळवली.

म्हणून सरळ विचारा: माझा स्टायपेंड कुठल्या पैशातून येणार, तो किती वर्षांचा आहे, तो संपला तर टीए (शिकवण्यात मदत करून पगार) मिळेल का? आणखी एक. एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेची टी-३२ नावाची ट्रेनिंग ग्रँट असते आणि प्रोग्रॅमच्या जाहिरातीत ती मोठ्या दिमाखात मिरवतात. ती फक्त अमेरिकन नागरिकांना आणि ग्रीनकार्डवाल्यांना मिळते. आपण एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर, त्यामुळे ती आपल्यासाठी नाहीच. शिवाय लॅबमधल्या सीनियरला गाईडच्या मागे गाठून चहाला न्या. अर्ध्या तासात जे कळतं, ते वेबसाइटवर कधीच नसतं.

ऑगस्टमध्ये आलात तर पहिला पगार हातात यायला सप्टेंबर उजाडतो, कधी त्याचीही अखेर. डिपॉझिट, पहिलं भाडं आणि महिन्याचा किराणा एवढे पैसे सोबत ठेवा. टॅक्स भरताना पहिली पाच कॅलेंडर वर्षं इथल्या रहिवाशांचा नव्हे, १०४०-एनआर हा फॉर्म भरायचा. भारत-अमेरिका करारामुळे भारतीय विद्यार्थ्यांना त्यातही स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून ठरावीक रकमेची वजावट, मिळतं. हे कुणी आपणहून सांगत नाही.

उंदरांबद्दल स्पष्ट बोलते. पहिल्यांदा उंदराला शेपटीला धरून उचललं तेव्हा तो हातमोज्यावर मुतला आणि त्या ऊबेनेच माझा हात थरथरायला लागला. शिकवणारी म्हणाली, "तू घाबरलीस की तोही घाबरतो." आईला अजूनही "पेशींवर काम करते" एवढंच सांगितलंय. घरात एकादशी पाळणाऱ्यांना हे जड जातं, त्यात लाज नाही. जमत नसेल तर रोटेशनमध्येच सांगा. पेशी, झेब्राफिशची पिल्लं, कॉम्प्युटर मॉडेल यांवर चालणाऱ्या लॅब आहेत आणि २०२२ च्या अखेरीस झालेल्या कायद्याने नव्या औषधांसाठी प्राण्यांवरच्या चाचण्यांची सक्तीही काढली. पण चौथ्या वर्षी "मला हे जमत नाही" म्हणालात तर कुणाचाच इलाज नाही. आणि ज्यांना जमतं त्यांनी मास्क लावाच. उंदरांची ॲलर्जी हळूहळू होते आणि मग जात नाही.

डबा लॅबमध्ये उघडू नका, तिथल्या फ्रिजमध्ये तर अजिबात ठेवू नका.

दरवर्षी मार्चमध्ये सोसायटी ऑफ टॉक्सिकॉलॉजीचं अधिवेशन भरतं. त्यात भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञांचा एक गट आहे, विद्यार्थ्यांना बक्षिसंही देतो. लाजू नका, जाऊन ओळख करून घ्या. मला पहिली नोकरी तिथल्या जेवणाच्या रांगेत मिळाली.

२०१७ मध्ये माझी क्वालिफाइंग परीक्षा, म्हणजे पीएचडीच्या मधली पात्रता परीक्षा, झाली. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीचं कीटकनाशक ॲसिटिलकोलिनेस्टरेज या एन्झाइमला कसं बांधून ठेवतं, त्यावरचा उतारा ॲट्रोपिन नेमकं कुठे काम करतं, सगळं फळ्यावर काढून दाखवलं. त्याच सुमारास यवतमाळात कापसावर फवारणी करणाऱ्यांना विषबाधा झाल्या, माणसं गेली. मामाचा फोन आला: "तू विषाचंच शिकतेस ना, मग सांग, फवारताना तोंडाला काय बांधू?" मी एन्झाइमचं सांगायला लागले. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "ते असू दे. रुमाल ओला बांधू की कोरडा?" मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी गाईडला विचारून फोन केला: रुमाल ओला काय, कोरडा काय, वाफ अडत नाही, वारा पाठीमागे ठेव, बाह्या लांब घाल, घरी आल्यावर आधी आंघोळ, मग चहा.